दहाला आठ

रवींद्र बारापात्रेचा राग आधी हाताला यायचा, डोक्याला मागाहून कळायचा. भोपाळात शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरांमागे, भाजीबाजाराच्या अगदी तोंडाशी त्याची पिठाची गिरणी. वय बावन्न. त्या गिरणीपायी आजवर किती जणांच्या कानाखाली आवाज काढला, याची मोजदाद त्याच्याकडेही नव्हती. कुणी रांग मोडून डबा पुढे सरकवला, कुणी ओले गहू आणले, कुणी पीठ कमी भरल्याचा कांगावा केला, की याचा हात सुटलाच. पण माणूस खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. कुणाचं मूठभर पीठ पाट्यांत अडकून राहिलं तर दुसऱ्या दिवशी बोलावून हातात द्यायचा. त्याचे वडील शांताराम, छप्पन साली नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा, शिपाई म्हणून तिच्याबरोबर आले आणि निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी ही गिरणी टाकली. गिऱ्हाईकाला पुरं माप द्यायचं, हा त्यांचा नेम मुलाने उचलला. त्यांचा शांत स्वभाव तेवढा गिरणीच्या कागदपत्रांत आला नाही.

आता दहाच्या नाण्याची भानगड. दहाच्या नोटा तोवर इतक्या जुन्या झाल्या होत्या की हातात घेतल्या की बोटांना वास यायचा. नव्या मिळत नव्हत्या. बँकेत सुटे मागायला जावं, तर खिडकीतली बाई नाण्यांची पिशवीच पुढे ढकलायची. "अब यही चलाइए, फटते तो नहीं," म्हणायची. आणि बाजारात कुणीतरी पुडी सोडून दिलेली, की दहाचं नाणं नकली आहे. दहा रेघांचं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, कुणी म्हणे उलट. सगळी नाणी खरी आहेत अशी बँकेने पाटी लावली, पेपरातही आलं. दुकानदारांनी पेपर वाचला, घडी घालून गल्ल्याखाली ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाईकाला सांगितलं, "नहीं चलेगा." मोठा दुकानदार नाही म्हणायचा, रिक्षावाला नाही म्हणायचा, आणि ज्याला नाही म्हणायची सोयच नाही त्याच्या पदरात शेवटी नाणं पडायचं. कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकून झाली की गिऱ्हाईक पथारीवर नाणं टाकतं आणि पाठ फिरवतं. कोथिंबीरवालीने काय करावं?

तिने बल्लीकडे जावं. बाजारात बसणाऱ्यांकडून ठेकेदाराच्या वतीने रोजची बैठकी वसूल करणारा हा तिशीतला दांडगा गडी. बैठकी नोटेतच हवी, असा त्याचा नियम. नोट नाही? हरकत नाही. नाणी त्याच्याकडेच मोडायची, दहाला आठ या भावाने. तीच नाणी तो बाहेरगावी नेऊन पुऱ्या दहाला खपवायचा, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. एका शेंगदाणेवाल्याने एकदा तोंड उघडलं, "दस के दस दो भाई, सरकारी पैसा है." बल्लीने त्याचं डोकं मागून धरलं आणि त्याच्याच गाडीवरच्या कढईतल्या तापलेल्या वाळूत दाबलं. डावा गाल सोलून निघाला. त्यानंतर बाजारात तोंड उघडायला कुणी उरलं नाही.

रवींद्र नाणी पुरी दहाला घ्यायचा, यात सुरुवातीला पराक्रम काही नव्हता. दळणावळ दहा-वीस-तीस रुपये, लोक नाणी द्यायचे आणि तो घ्यायचा. ती खपवायला त्याच्याकडे एक जागा होती जी बल्लीला ठाऊकच नव्हती, ती म्हणजे मराठी बायकांची ओटी. खण-नारळाबरोबर ओटीत नाणं घालायचं असतं, नोट शोभत नाही. महिला मंडळाचा कारभार बघणाऱ्या इंदुमती मुळावकरकाकू चैत्रातल्या हळदीकुंकवाला आणि नवरात्राला दीड-दोनशे नाणी घेऊन जायच्या, तेवढ्याच्या नोटा ठेवून जायच्या. "रवींद्रा, बाजाराला चालत नाही ते देवीला चालतं बघ," असं म्हणून हसायच्या. चार इमली वसाहतीतल्या बड्या साहेबांच्या बायकासुद्धा ड्रायव्हरला पाठवून नाणी मागवायच्या. उरलेली तो बँकेत आपल्या खात्यात भरायचा. मोजत बसायचा त्याला कंटाळा, म्हणून पिठाच्या काट्यावर टाकायचा. शंभर नाणी म्हणजे पाऊण किलो आणि वर वीसेक ग्रॅम. शंभराशंभराच्या पुरचुंड्या बांधून तो त्या गल्ल्याखाली ठेवायचा.

मग एक दिवस रामरती आली. सीहोरकडून पहाटेच्या गाडीने येऊन कोथिंबीर, लिंबं, मिरच्या विकणारी पन्नाशीची बाई.

"भैया, सुना है आप पूरे देते हो?"

रवींद्रने तिची दहा नाणी घेतली आणि शंभराची नोट दिली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. मग हळूहळू तिने सांगितलं, की दहाच्या जुडीमागे तिला सुटतात दोनच रुपये, आणि नेमके तेच दोन बल्ली घेतो. म्हणजे पहाटे चारला उठून दुपारपर्यंत उन्हात बसायचं ते सगळं बल्लीसाठी. ऐकता ऐकता रवींद्रच्या मुठी वळल्या.

"कल से सब यहीं लाओ," तो म्हणाला. "दस के दस मिलेंगे. मैं बैठा हूँ."

त्या दिवसापासून त्याने हे मनावरच घेतलं. रामरतीला तिचे पुरे दहा मिळाले पाहिजेत, बस्स. रोज दुपारी ती यायची, नाणी ठेवायची, शंभर-सव्वाशे रुपये घ्यायची, चार लिंबं काउंटरवर ठेवून जायची, आणि जाताना एकदा मान वर करून हसायची. त्या हसण्याची त्याला सवयच लागली म्हणा ना. घरात, गिरणीत, गल्लीत लोक त्याला वचकून असायचे. मान वर करून हसणारं माणूस त्याच्या आयुष्यात फारसं नव्हतंच.

रामरतीमागोमाग मिरचीवाला आला, पेरूवाली आली, गाल भाजलेला शेंगदाणेवालाही चाचरत आला. पंधरा दिवसांत निम्मा बाजार बल्लीकडे जायचा थांबला.

बल्ली भर दुपारी गिरणीत आला तेव्हा मोटर चालू होती आणि रवींद्रची बायको प्राजक्ता एका डब्यावर नाव लिहीत होती. बल्लीने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली.

"को खां रवि भाई, हमारे पेट पे लात मार रहे हो?"

"पेट तेरा है कि पूरे बाज़ार का गोदाम?" रवींद्र म्हणाला, आणि म्हणता म्हणता हात सुटला. पिठाने माखलेला पंजा बल्लीच्या गालावर असा बसला की पाचही बोटं पांढरी उमटली. प्राजक्ताच्या हातातला खडू खाली पडला.

बल्ली हलला नाही. त्याने गालावरचं पीठ बोटाने पुसलं, बोटाकडे पाहिलं.

"आप पे हाथ नहीं उठाऊँगा. चक्की वाले हो, पूरी कॉलोनी आपको जानती है," तो म्हणाला. "लेकिन जो आपके यहाँ आते हैं न, उनको कौन जानता है?"

तो गेल्यावर प्राजक्ताने मोटर बंद केली. "अहो, तो तुम्हाला काही करणार नाही. त्या रामरतीला करेल. तिला चार दिवस येऊ नको म्हणा, नाहीतर पोलिसांत तरी सांगून ठेवा."

"पोलिसांत! ते दळण त्याच्याकडचंच खातात. मी आहे ना इथे."

"तुम्ही गिरणीत असता," प्राजक्ता म्हणाली. "ती बाजारात बसते."

बोलली ती अगदी बरोबर. पण रवींद्रला त्या घडीला बल्लीच्या गालावरची पाच बोटं दिसत होती आणि त्यातच तो खूश होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला रामरती आली ती पदरात हात गुंडाळून. पदर लाल झाला होता आणि कोपरापासून खाली थेंब पडत होते. बल्लीच्या दोन माणसांनी तिला धरलं होतं, आणि बल्लीने तिचा उजवा हात शेजारच्या कांदेवाल्याच्या लोखंडी पारड्यात ठेवून त्यावर दोन किलोचं वजन मारलं होतं. दोनदा. मधली दोन बोटं पार चेचली होती. एकाचं हाड बाहेर आलं होतं. ती रडत नव्हती. तिचे दात वाजत होते.

"भैया, अब नहीं आऊँगी," ती म्हणाली. "बस यही बताने आई थी. आप रास्ता न देखो."

प्राजक्ताने तिला पोत्यावर बसवलं आणि हाताला धुतलेलं फडकं घट्ट बांधलं. "अहो, रिक्षा बोलवा. आधी हिला दवाखान्यात नेऊ. चला तुम्हीही, माझ्याबरोबर चला, मला एकटीला तिथे काही सुचायचं नाही."

रवींद्रने ऐकलं नाही असं नव्हे. ऐकलं सगळं. त्याने वाकून गल्ल्याखालच्या शंभराच्या दोन पुरचुंड्या काढल्या, दळणाच्या एका जाड कापडी पिशवीत टाकल्या, पिशवीचं तोंड पिळून मुठीत धरलं आणि वजनाचा अंदाज घेतला. दीड किलोच्या वर.

"अहो!" प्राजक्ताने त्याची बाही धरली. "मी तुमच्या पाया पडते. तिचा हात आधी."

त्याने बाही सोडवून घेतली आणि तो बाजाराकडे निघाला.

बल्ली चहाच्या टपरीपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. हातात काचेचा ग्लास होता, आणि बाजूला उभ्या असलेल्या दोघांना तो काहीतरी हसत सांगत होता. रवींद्रने त्याला हाक मारली नाही. बाजूने जाऊन त्याने पिशवी पूर्ण हात फिरवून घातली, ती सरळ जबड्यावर. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. ग्लास उडाला, खुर्ची उलटली आणि बल्ली चहासकट चिखलात पडला.

दोघांपैकी एकाने टपरीचा आडवा बांबू उपसून रवींद्रच्या डोक्यात घातला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. एका डोळ्याने दिसत होतं तेवढ्यावर त्याने पिशवी खालून फिरवली आणि त्याच्या गुडघ्यावर हाणली. गुडघा उलटा वाकला. तो पोरगा किंचाळत कोबीच्या ढिगात पडला. दुसऱ्याने ते पाहिलं आणि तो पळाला, तो थेट मोठ्या रस्त्याच्या पलीकडे.

मग रवींद्र बल्लीच्या छातीवर बसला. बल्लीचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि तोंडातून लाळ आणि रक्त एकदम येत होतं.

"दस के कितने?"

बल्लीने काहीतरी घरघर केली. पिशवी पुन्हा बसली, गालफडावर.

"बोल. दस के कितने?"

"द..."

"सुनाई नहीं दिया."

तिसऱ्या फटक्याला पिशवी उसवली. दोनशे नाणी बल्लीच्या अंगावर, चिखलात, रक्तात, कोबीच्या पानांवर उधळली. एरवी एक लिंबू घरंगळलं तरी दहा जण वाकणारा तो बाजार, पण एकही माणूस वाकला नाही. रवींद्रने रिकामी पिशवी फेकली आणि मुठीने मारायला लागला. बल्लीचा एक डोळा मिटला, सुजला, दिसेनासा झाला. पुढचे दोन दात रवींद्रच्या बोटाच्या पेरात रुतून तुटले. त्याचं त्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी.

खरं तर इथे सगळं संपलं होतं. बल्ली हलत नव्हता, त्याचा एक माणूस पळाला होता, दुसऱ्याला उभं राहता येत नव्हतं. रवींद्रने उठून दवाखान्याचा रस्ता धरला असता तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. पण त्याला बरं वाटत होतं. हे कबूल करायला जड जातं, पण होतं तसंच होतं. लहानपणापासून ज्याला त्याला एकेक थप्पड मारून आवरतं घेतलेला हात आज मोकळा सुटला होता आणि त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. त्याने बल्लीला कॉलरला धरून कांदेवाल्याच्या तराजूपर्यंत ओढत नेलं. पारड्यावर रामरतीचं रक्त अजून वाळलं नव्हतं. त्याने बल्लीचा उजवा हात त्यावर पालथा ठेवला, मनगटावर गुडघा दिला आणि दोन किलोचं वजन उचललं.

बल्लीला शुद्ध आली ती तेव्हा. "नहीं भैया," तो मोडक्या तोंडाने म्हणाला. "भैया, नहीं. दस के दस. दस के दस."

रामरतीची दोन बोटं मोडली होती. रवींद्रने चार मोडली. एकेक, सावकाश. अंगठा तेवढा ठेवला.

मग त्याने मान वर केली. भोवती सगळा बाजार उभा होता, गोल करून, चार हात लांब. कुणाच्या हातात मोबाईल होता. समोरच शेंगदाणेवाला होता, सोललेल्या गालाचा.

"आ," रवींद्र धापा टाकत म्हणाला आणि वजन त्याच्यापुढे धरलं. "तेरा भी हिसाब है. तू भी मार."

शेंगदाणेवाल्याने मान हलवली. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक, आणि गर्दीत शिरला.

पोलीस आले ते संध्याकाळी, तेही एकटे हवालदार, स्वतःच्या मोटरसायकलवरून. रवींद्रच्या भुवईला सात टाके पडले होते. हवालदार काउंटरपाशी उभे राहिले, त्यांनी भिंतीवरच्या भावाच्या पाटीकडे बघून घेतलं.

"बल्ली को जबलपुर ले गए हैं, जबड़े का ऑपरेशन है," ते म्हणाले. "रिपोर्ट किसी ने लिखाई नहीं. बाज़ार में पूछा तो किसी ने कुछ देखा ही नहीं." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "ठेकेदार साहब दूसरा आदमी भेज रहे हैं बैठकी के लिए. पुछवाया है, चक्की वाले भाईसाहब को कोई ऐतराज़ तो नहीं?"

रवींद्रला हसू आलं, आणि हसताना टाके ओढले. "सिक्के पूरे लेगा तो भेजो," तो म्हणाला.

"जैसा आप कहो." हवालदारांनी पाच किलो आटा बांधून घेतला आणि पैसे विचारून दिले. या गिरणीत आजवर त्यांनी कधी पैसे दिले नव्हते. रवींद्रला हे फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरचीवाला एक टोपली घेऊन आला. चिखलात सांडलेली सगळी नाणी तिच्यात होती, धुऊन पुसून लखलखीत केलेली. रवींद्रने काट्यावर टाकली. दीड किलो चाळीस ग्रॅम. दोनशेच्या दोनशे, एकही कमी नाही. त्याने प्राजक्ताला हाक मारून काटा दाखवला.

"बघ. एका नाण्याला कुणी हात लावला नाही. याला म्हणतात माणसं."

प्राजक्ता काट्याकडे बघत राहिली. ती रामरतीबरोबर सहा तास सरकारी दवाखान्यात बसून आली होती. एक बोट वाचलं, एक कापावं लागलं. रवींद्रने वरच्या फळीवरचा डबा घ्यायला तिच्या डोक्यावरून हात लांबवला, तशी ती झटकन बाजूला झाली. तेवीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्या अंगाला कधी बोट लावलं नव्हतं. त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्याने डबा न घेताच हात खाली घेतला.

पण बाजार त्याला फार लक्ष द्यायला सवड देत नव्हता. केळेवाला सकाळी डझनभर केळी ठेवून जायचा आणि पैसे द्यायला लागलं की हात जोडायचा. मोठ्या किराणा दुकानदाराने आपण होऊन पाटी लावली, "यहाँ दस का सिक्का चलता है." तीन वर्षं बँकेच्या पाटीने जे झालं नाही ते आठवड्यात झालं. गिरणीपुढे रिक्षा लावायचं लोकांनी बंद केलं. रवींद्र बाजारातून चालला की आवाज खाली यायचे. एकदा पेरूवाली आणि तिची शेजारीण जागेवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. त्याने लांबून नुसतं "ए" म्हटलं, तर दोघी एकदम गप्प झाल्या आणि पथाऱ्या आवरायला लागल्या. "अरे, बैठो, बैठो," तो म्हणाला. त्या बसल्याही, पण उकिडव्या.

त्याला सगळं मिळालं होतं आणि तरी तो दुपार झाली की दाराकडे बघायचा. रामरती आलेली नव्हती. सीहोरला मुलीकडे आहे, असं कुणी सांगितलं. तिला पुरे दहा मिळावेत म्हणून एवढं सगळं, आणि तिच्या हातावर ते ठेवायचेच राहून गेले होते. हातात नोट घेऊन ती एकदा मान वर करून हसली की आपण केलं ते बरोबर केलं, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

बाराव्या दिवशी ती आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. सकाळपासून पुन्हा पथारी मांडून बसली होती म्हणे. तिच्यामागे रांगेत शेंगदाणेवाला आणि आणखी दोघं उभे होते. रवींद्र स्टुलावरून उठला, काउंटर फडक्याने पुसला, मोटरही बंद केली.

"आओ बाई, आओ. हाथ कैसा है?"

"ठीक है भैया."

तिने डाव्या हाताने कमरेची पिशवी सोडली आणि एकेक करत दहा नाणी काउंटरवर मांडली. रवींद्रने तिच्यासाठी जपून ठेवलेली कोरी करकरीत शंभराची नोट काढली आणि तिच्या हातात दिली. ती तिने खोचली. मग पिशवीतून दहाच्या दोन मळक्या नोटा काढल्या आणि काउंटरवर, त्याच्या बाजूला ठेवल्या.

"ये क्या?"

"आपका, भैया."

"मेरा कैसा? दस के दस. भूल गई क्या?"

"नहीं भैया." ती काउंटरकडेच बघत होती. "पहले बल्ली को देते थे. अब आपको. सबने बात कर ली है, कोई कम नहीं देगा."

रवींद्रला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि डोक्यात रक्त चढलं.

"मैं बल्ली हूँ क्या?" तो ओरडला. "हां? मैं बल्ली हूँ?"

त्या नोटा उचलून तिच्या झोळीत कोंबायला त्याने हात पुढे केला. रामरती जागच्या जागी अर्धी खाली बसली आणि प्लास्टरचा हात तिने तोंडावर धरला. मागचे तिघं भिंतीला चिकटले. डब्यांपाशी उभी असलेली प्राजक्ता "अहो, नको!" म्हणाली.

रवींद्रचा हात हवेत होता. त्याने तो खाली आणला, काउंटरवर ठेवला, दुसरा त्यावर ठेवला. त्याला रडू येईल असं वाटायला लागलं. इतकी वर्षं त्याने हलक्या आवाजात कुणाशी बोलून पाहिलं नव्हतं. त्याने दोन्ही हात जोडले.

"बाई, उठाओ ये. मुझे नहीं चाहिए," तो म्हणाला. "हाथ जोड़ता हूँ. ले जाओ."

रामरतीने हाताआडून त्याच्याकडे पाहिलं. ते जोडलेले हात, ते बदललेलं तोंड ती निरखून पाहत होती, आणि त्यातून आपल्याला नेमकं काय सांगितलं जातंय ते तिला कळत नव्हतं. मग तिला कळलं.

"गुस्सा मत होइए भैया," ती घाईघाईने म्हणाली. तिने पिशवी पुन्हा सोडली, आणखी एक दहाची नोट काढली, त्या दोन नोटांवर ठेवली आणि मान खाली घालून ती बाजाराकडे निघून गेली.

तिच्यामागे शेंगदाणेवाला उभा होता. त्याने काउंटरवरच्या तीन नोटांकडे पाहिलं. त्याच्या मुठीत दोन तयार होत्या. त्याने खिशात हात घातला आणि तिसरी काढली.